मजा आली, त्यात माफी कसली?

बिंग क्रॉस्बीचे गाण्यांनी भरलेले विनोदी सिनेमे मला मनापासून आवडतात, असं साहित्यातल्या मंडळींत म्हटलं की समोरचा माणूस लगेच माझ्या मदतीला धावतो. ‘डोक्याला ताप नको असतो तेव्हा असलं काही बरं वाटतं,’ असं कोणी म्हणतं. ‘त्यातून त्या काळचा अमेरिकन समाज कळतो ना,’ म्हणून दुसरं कोणी एक भारदस्त कारण माझ्या हातात ठेवतं. तिसरा ‘गिल्टी प्लेझर!’ म्हणतो आणि डोळा मिचकावतो. तिघांचाही हेतू चांगला. तिघांनाही मला एका आरोपातून सोडवायचं असतं. आरोप काय आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. वकीलपत्र घेण्याआधी आरोपपत्र तरी वाचावं की नाही?

ते मीच वाचते. एक, हे सिनेमे स्टुडिओच्या कारखान्यात साच्यातून काढल्यासारखे निघत. दोन, त्यांतली कथा नावापुरती. तीन, नायकाला कशाचेच फार कष्ट पडत नाहीत. तो गुणगुणत आत येतो आणि गुणगुणत बाहेर जातो. चार, त्यांतला वंशद्वेष आज बघवत नाही. यातला चौथा मुद्दा खरा आहे आणि गंभीर आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. पहिले तीन मात्र जरा खरवडले की खालून एकच समजूत निघते. ज्यात मजा आली त्यात विचार नसणार, आणि ज्यात विचार आहे ते थोडं तरी दुखलंच पाहिजे. माझं भांडण या समजुतीशी आहे.

ज्यांनी क्रॉस्बी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९०३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावी जन्मलेला हा गायक पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदातून पुढे आला, रेडिओमुळे घराघरांत पोचला आणि तीसच्या दशकात पॅरामाउंटचा नट झाला. १९४४ ते १९४८ अशी सलग पाच वर्षं अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांच्या कौलात तिकीटबारीवरचा पहिला क्रमांक त्याचा होता. बॉब होप आणि डोरोथी लामूर यांच्याबरोबरची त्याची ‘रोड’ मालिका १९४०च्या ‘रोड टू सिंगापूर’ने सुरू झाली आणि १९६२मध्ये सातव्या सिनेमाने संपली. दोन भामटे, एक परका मुलूख, एक सुंदरी आणि चार-पाच गाणी, एवढ्या शिदोरीवर हे लोक निघत.

आधी नायकाच्या बिनकष्टाच्या गाण्याकडे पाहू. क्रॉस्बीच्या आधीच्या अमेरिकन रंगभूमीवर अ‍ॅल जोल्सनचा दबदबा होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर छाती भरून गावं लागे, हात पसरावे लागत. संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगायला नको. ध्वनिक्षेपक येण्याआधी आपल्याकडेही गायकनटाची पहिली परीक्षा शेवटच्या रांगेतला कान घेत असे. १९२५च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि हजारो लोकांसमोर गाणाऱ्याला एकाच माणसाच्या कानाशी गाता येऊ लागलं. क्रॉस्बी मायक्रोफोनकडे वाद्य म्हणून पाहायला शिकला. त्याने आवाज खाली आणला. शब्द बोलण्याच्या वजनाने टाकले. ओळ तालाच्या किंचित मागे रेंगाळू दिली. ऐकणाऱ्याला वाटलं, एवढं तर आपणही आंघोळ करताना गातो. असं वाटायला लावणं ही त्याची कमाई होती. टीकाकारांनी तिची नोंद आळस म्हणून केली.

या गुणगुणण्याला लोक तेव्हा भ्यालेही होते. १९३२ साली बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी क्रूनिंगचा जाहीर निषेध केला. हे गाणं त्यांना हीन आणि नीतीला घातक वाटत होतं. कानाजवळ येऊन बोलणाऱ्या आवाजाची ताकद त्यांना, विरोधक असूनही, बरोबर कळली होती. पुढे बारा वर्षांनी ‘गोइंग माय वे’मध्ये (१९४४) क्रॉस्बीने कॅथलिक पाद्र्याची भूमिका केली, त्याच आवाजात गायला आणि उत्तम अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन गेला. ‘हलकंफुलकं’ म्हणून आपण ज्याला बाजूला सारतो त्याला निदान त्या कार्डिनलांनी तरी गांभीर्याने घेतलं होतं.

मी भाषांतरं करते, म्हणून सहजतेची ही उपेक्षा मला जास्त बोचते. ‘भाषांतर वाटतच नाही’ अशी शाबासकी ज्या वाक्याला मिळते ते सहा वेळा मोडून बांधलेलं असतं. वाचताना दाताखाली खडा येतो ते वाक्य पुष्कळदा पहिल्या खर्ड्यातलंच असतं. तरी अवघड वाक्य पाहिलं की त्यामागे मोठी साधना असणार, असं आपण गृहीत धरतो. सोप्या वाक्याने मात्र आपल्या कष्टांचे दाखले बरोबर आणावेत अशी अपेक्षा असते.

कथा नावापुरती, हा आरोप ‘ऱ्हिदम ऑन द रिव्हर’ (१९४०) पाहिल्यावर टिकत नाही. त्याची मूळ कथा लिहिणाऱ्या दोघांत बिली वाइल्डर होता. एक नामवंत संगीतकार आतून आटला आहे; ती भूमिका बेसिल रॅथबोनची. त्याच्या नावावर खपणाऱ्या चाली बांधतो क्रॉस्बी, आणि शब्द लिहिते मेरी मार्टिन. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. यथावकाश गाठ पडते, दोघंही चाकरी सोडतात आणि आपली गाणी आपल्या नावाने विकायला निघतात. प्रकाशक त्यांना सांगतात, तुम्ही त्या थोर माणसाची नक्कल करता आहात!

या प्रसंगाला मी दर वेळी मोठ्याने हसते, आणि हसू ओसरायच्या आत कळतं की कर्तृत्व, नाव आणि मोबदला यांच्यातला सगळा व्यवहार या एका विनोदात उलगडून ठेवला आहे. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली ती १९६७मध्ये. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही तो निबंध रेघा मारमारून वाचला, आणि तो वाचायलाच हवा. पण त्याच्या सत्तावीस वर्षं आधी पॅरामाउंटच्या एका गाण्यांच्या सिनेमाने विचारलं होतं, की लेखक आतून मेलेला असला तरी त्याच्या नावाचे पैसे कोण उचलतं आणि रात्री जागून काम कोण करतं? बार्थच्या निबंधात हा प्रश्न नाही. ज्याचं नाव मुखपृष्ठावर छापायचं राहून गेलं आहे अशा कुठल्याही भाषांतरकाराच्या डोक्यात तो कायम असतो.

आता साचा. हा आरोप सिनेमे स्वतःच स्वतःवर आधी करून मोकळे झालेले आहेत. ‘रोड टू मोरोक्को’मध्ये (१९४२) होप मधेच थांबून तोवरचं सगळं कथानक क्रॉस्बीला ऐकवतो. हे मला ठाऊक आहे की, असं क्रॉस्बी म्हणतो. तुला आहे, पण सिनेमा अर्धा झाल्यावर येऊन बसलेल्यांना कुठे आहे, हे होपचं उत्तर. त्यावर क्रॉस्बीला एकच हळहळ: म्हणजे त्यांचं माझं गाणं हुकलं! याच सिनेमात एक उंट कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगतो की इतक्या विचित्र सिनेमात आपण आजवर काम केलेलं नाही. शेवटाकडे होप वेड लागल्याचा जोरदार अभिनय करतो, क्रॉस्बी त्याला अडवतो, आणि हातातलं ऑस्कर गेलं म्हणून होप कुरकुरतो. साच्यातून निघालेली वस्तू उठून साच्याचाच पंचनामा करू लागते. हेच ब्रेख्तने केलं की आपण त्यावर प्रबंध लिहितो. तमाशातल्या सोंगाड्याने केलं की लोककलेची ताकद म्हणून मान डोलावतो. कादंबरीकाराने केलं तर पुरस्कार देतो. उंटाने केलं की तो टाइमपास. उंटावरच हा अन्याय का?

त्याच सिनेमात वाळवंटातल्या मृगजळात तिघं मिळून एक प्रेमगीत पुन्हा गातात आणि त्यांचे आवाज आपसांत बदलून जातात. एकाच्या ओठांवर दुसऱ्याचा गळा. पार्श्वगायनावर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाइतका हा विनोद कोणाला कळणार? गाणारा गळा आणि दिसणारा चेहरा एकाच माणसाचा असला पाहिजे, हा करार आपल्या सिनेमाने तीसच्या दशकातच मोडीत काढायला घेतला. हॉलिवूडमध्ये क्रॉस्बीची सगळी कीर्ती त्याच करारावर उभी होती. जगातला सर्वांत ओळखीचा आवाज भलत्याच ओठांवर ठेवून तो सिनेमा विचारतो, तुम्ही नक्की कोणाच्या प्रेमात पडला होता?

शीर्षकगीतात तर एक अफलातून कोटी आहे. मोरोक्को हा देश, आणि मोरोक्को हे पुस्तकबांधणीचं कातडंही. इंग्रजीत ‘बांधलेला’ आणि ‘एखाद्या ठिकाणी निघालेला’ यांना शब्द एकच. त्या आधारावर उंटावरचे दोन भणंग थेट एका नामांकित शब्दकोशाच्या पंगतीला जाऊन बसतात. गाणं लिहिणारा जॉनी बर्क, चाल जिमी व्हॅन ह्यूसनची. ही कोटी आपापल्या भाषेत आणायला बसा, म्हणजे हलक्या गोष्टी उचलायला किती जड असतात ते कळेल.

मजेबद्दलच्या संशयाला आपल्या विद्यापीठांत ज्याच्या नावाचा आधार मिळतो तो तेओडोर अडोर्नो. १९३६मध्ये वाल्टर बेन्यामिनला लिहिलेल्या पत्रात त्याने बजावलं होतं की सिनेमाच्या प्रेक्षकाच्या हसण्यात क्रांतिकारक काहीही नाही, त्यात बूर्झ्वा क्रौर्यच भरलेलं आहे. बेन्यामिनला त्या हसण्यात काही आशा दिसत होती. पुढे चाळीसच्या दशकात अडोर्नो लॉस एंजेलिसला राहिला, होर्कहायमरबरोबर संस्कृती-उद्योगावरचं ते प्रसिद्ध प्रकरण त्याने तिथेच लिहिलं. त्याच शहरात, त्याच वर्षांत, क्रॉस्बी आणि होप उंटावर बसत होते. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या माणसाला एका सुरात हसणाऱ्या गर्दीची भीती वाटली, यात नवल नाही. ती भीती त्याने जबर किंमत मोजून मिळवलेली होती. आपण ती फुकटात उचलली. वर्गात वाक्यं पाठ झाली. कोणतं हसणं, कोणावर, कोणत्या सिनेमात, हे प्रश्न वाटेत गळून पडले. कुठलाही सिनेमा न पाहता सगळ्या सिनेमांबद्दल बोलायची सोय झाली. अशा सोयीला मी तरी चिकित्सा म्हणणार नाही.

आणि आता चौथा आरोप. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ (१९३६) या सिनेमात लुई आर्मस्ट्राँग आहे. तो असावा आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत ठळक असावं, असा क्रॉस्बीचा आग्रह होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. पण त्याच आर्मस्ट्राँगच्या वाट्याला सिनेमाने कसला प्रसंग दिला आहे? त्याच्या वाद्यवृंदाला दहा टक्के देऊ केले जातात, तर आम्ही सात जण, दहाला सातांनी भागता येत नाही, म्हणून तो सातच टक्के मागतो. अडाणी काळ्या माणसाचा हा ठरीव विनोद आहे आणि मला त्यावर हसू येत नाही. मग तो ट्रम्पेट उचलतो, आणि सगळा सिनेमा स्तब्ध होऊन त्याच्याकडे पाहत राहतो. ज्याला भागाकार येत नाही असं आत्ताच सांगितलं, त्याच्या लयीच्या हिशेबापुढे बाकी सगळे कच्चे ठरतात. मुंबईत ज्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत तो गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ‘अलबेला’मध्ये (१९५१) सी. रामचंद्रांच्या चालींना साथ देतो. त्या चाली गुणगुणणाऱ्याने आर्मस्ट्राँगचा हा अपमान परक्या देशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नये.

‘हॉलिडे इन’चं (१९४२) प्रकरण याहून अवघड. लिंकनच्या जयंतीच्या गाण्यात क्रॉस्बी आणि मार्जरी रेनल्ड्स तोंडाला काळं फासून उभे राहतात. कथेतलं कारण एवढंच की प्रतिस्पर्धी फ्रेड अ‍ॅस्टेअरला ती मुलगी ओळखू येऊ नये. टीव्हीवर दाखवताना हे गाणं पुष्कळदा कापतात. ते कापलं की दुसरीही एक गोष्ट कापली जाते. दिवाणखान्यात गोरे लोक काळ्यांचं सोंग घेऊन मुक्तिदात्याचे गोडवे गात असतात तेव्हा स्वयंपाकघरात त्या सरायची खरीखुरी काळी नोकर बाई, लुईस बीव्हर्स, आपल्या दोन मुलांना घेऊन तेच गाणं गात असते. सहजतेमागे कष्ट असतात असं मी वर म्हटलं. ते कष्ट कोणाचे, हा पुढचा प्रश्न या दृश्यात उघडा पडतो. त्या सरायचा सगळा आरामशीरपणा ज्या बाईच्या कामावर चालतो तिला गाणं मिळतं ते चुलीपाशी.

‘तो काळच तसा होता’ ही सबब मी स्वीकारत नाही. लुईस बीव्हर्सही त्याच काळात जगत होती. तिचा काळ कोणता म्हणायचा? पण गाणं कापून सिनेमा सोवळा करून घेणंही मला मान्य नाही. बारा वर्षांनी ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये (१९५४) स्टुडिओने हीच धून पुन्हा वापरली ती शब्दांवाचून, सोंगावाचून, निव्वळ नाचासाठी. काय बदलावं लागलं आणि काय ठेवण्याजोगं होतं, हे दोन्ही सिनेमे शेजारी ठेवल्यावरच दिसतं. आणि ते दिसायला अर्विंग बर्लिनची धून कानाला गोड लागावी लागते. ज्याला ती गोड लागलीच नाही त्याला तिच्यात काय मिसळलं होतं, याचा पत्ता लागणार नाही. तो बाहेरून निषेधाचं पत्रक चिकटवून जाईल. ते पत्रक बरोबर असेल, पण ते कुठल्याही सिनेमाला चिकटवता येईल. मजा घेणाऱ्याचं लक्ष जागं असतं. सूर कुठे लागला हे त्याला कळतं, म्हणून कुठे नासला हेही त्यालाच आधी कळतं.

एका जुन्या हॉलिवूडच्या गवयावरून एवढा वाद कशाला, असं कोणी विचारेल. कारण हीच समजूत आपल्या भाषांमधल्या देवघेवीतही बसलेली आहे. एखाद्या भाषेतलं काय दुसऱ्या भाषेत न्यायचं हे ठरवताना आपण तिचं दुःख आधी उचलतो. मराठीतून बाहेर गेलेल्या पुस्तकांत दलित आत्मकथनं आहेत, तेंडुलकरांची नाटकं आहेत. ती जायलाच हवी होती. पण चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ या नियतकालिकाच्या बंगाली किंवा तमिळ वाचकांपैकी किती जणांना भेटले असतील? उलट बाजूने, गुजरातीचे ज्योतींद्र दवे, बंगालीचे परशुराम, मल्याळमचे व्ही. के. एन. मराठी वाचकाच्या हाती कितपत लागतात? इतकंच काय, दलित आत्मकथनांतला जो तिखट, सगळ्यांची टोपी उडवणारा विनोद आहे तोही भाषांतरात सर्वांत आधी मरतो, कारण वाचणाऱ्याने गंभीर चेहरा करूनच पुस्तक उघडलेलं असतं. ज्यांच्या फक्त जखमा आपण वाचतो त्यांची आपल्याला कीव येते. ज्यांच्या विनोदाला आपण हसतो त्यांची बरोबरी आपण मान्य केलेली असते. एकमेकांच्या भाषा आपण बरोबरीच्या नात्याने वाचणार की दयेच्या, हा प्रश्न इथे गुंतलेला आहे.

मराठीत हे शहाणपण नव्हतं असं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘करमणूक’ ठेवलं, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’सारखी काळीज चिरणारी कादंबरी त्यातच क्रमशः छापली. गांभीर्य आणि करमणूक एका छपराखाली राहू शकतात याची त्यांना खात्री होती. आठवड्याचा अंक वेळेवर काढायचा म्हणजे तोही कारखानाच, आणि त्याचंही त्यांना ओझं वाटलं नाही.

तेव्हा आवडलेल्या गोष्टीला ‘गिल्टी’ म्हणणं सोडावं, ही माझी पहिली मागणी. आपल्या भाषेत त्याला शब्द नाही; तो मुद्दाम घडवून घ्यायची गरजही नाही. दुसरी मागणी जास्त कष्टाची आहे. ‘मजा आली’ म्हटल्यावर तिथेच थांबू नये. कुठे आली, कोणत्या ओळीवर, कोणत्या आवाजाने, आणि कोणत्या जागी ती विरली, हे नेमकं सांगावं. एवढं सांगता आलं की समीक्षेतलं निम्मं काम झालं. आणि तिसरी मागणी या नियतकालिकाकडे: एक अंक असा काढा, की ज्यात प्रत्येक भाषेने आपला सर्वांत हसरा लेखक दुसऱ्या भाषेच्या हवाली केला आहे. भाषांतरकारांना त्याचा मोबदला नेहमीच्या दुप्पट द्यावा लागेल. ते काम तेवढं अवघड आहे.